तटावरचा जासूद

आमच्या केबिनवाल्या, म्हणजे रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काम करणाऱ्या, मित्राबद्दल अजूनही सांगतात की खेळात त्याचा माणूस मेला म्हणून तो रुसून बसला. त्या वेळचे थोडेच म्हातारे उरलेत, तेही हसत सांगतात. मीही पूर्वी हसायचो. तो रुसला नव्हता. आम्ही त्याला फसवलं होतं.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची वर्षं होती. मी रेल्वेत गार्ड, पूर्णेच्या कॉलनीत राहायचो. आमच्यातल्या एका फिटरचा मेहुणा सिकंदराबादहून एक इंग्रजी पुस्तक घेऊन आला. त्यात गोष्टीचा खेळ होता. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र काय करतं ते बोलायचं. जमलं की नाही ते फाशावर. पुस्तकातले राक्षस आम्ही काढले, किल्ले आणि सरदार घातले. रविवारी दुपारी माझ्या क्वार्टरच्या ओसरीवर सतरंजी पडायची. गोष्ट मी सांगायचो. फिटर सरदार झाला, पार्सलचा बाबू वैद्य आणि केबिनवाला जासूद.

लढाईचं सोपं होतं. ज्याचा फासा मोठा त्याची पाळी आधी. भांडणं व्हायची ती लढाई नसताना. गोष्टीत जेवणाची पंगत चाललेली असायची आणि फिटर मध्येच ओरडायचा, "मी तलवार हाणली!" समोरचा म्हणायचा, अरे, मी तर हात धुवायला उठलो होतो. मग जो आधी ओरडला त्याचं खरं.

तोड केबिनवाल्यानं काढली. पुढच्या स्टेशननं लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हे आम्हा सगळ्यांच्या अंगात मुरलेलं होतं. तो म्हणाला, "गार्डसाब, कुणी अचानक कायबी बोललं तर ते अजून घडलं न्हाई. आधी थांबवा. एकेकाला इचारा, तू या वक्ताला काय करायलास? कुणाला चाहूल लागली, कुणाला न्हाई, ते ठरवा. मंग फासे टाका. मंगच गाडी सोडा."

"लय टाइम जाईल की राव," फिटर म्हणाला.

"जाऊ दे. भाईर कुणी इचारून धक्का देत न्हाई. हितं तरी इचारा."

केबिनवाला दलित वस्तीतला. दंगलीत त्याच्या मामाचं घर जळालं होतं. ते तो ओसरीवर कधी बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही. पण त्या वाक्यावर मी शब्द दिला की माझ्या ओसरीवर विचारल्याशिवाय काही घडणार नाही.

बरेच महिने तो शब्द पाळला. ओरडण्याचा फायदा संपला. हळूहळू गोष्ट जासुदाची झाली, कारण तो बोलून कामं काढायचा. सरदाराला लढाईच मिळेना. मलाही ते सलायला लागलं. मी आठवडाभर रचलेलं युद्ध तो गोड बोलून मिटवायचा. एका रविवारी खेळाआधी चहाच्या टपरीवर फिटर म्हणाला, "आज तहाचं बोलणं चालू असतानाच त्याला ढकलतो. तुमी इचारत बसू नका." मी कपातला चहा संपवला.

दुपारी जासूद दोर लावून तट चढला आणि किल्लेदाराशी तहाचं बोलू लागला. किल्लेदार मीच. केबिनवाला रंगात आला होता, सतरंजीवर गुडघे टेकून हात जोडून बोलत होता. तेवढ्यात फिटर म्हणाला, "मी जासुदाला मागून ढकललं!"

केबिनवाला माझ्याकडे बघून हसला. मी आता विचारणारच, अशी त्याची खात्री होती.

"गेला खाली," मी म्हणालो. "दरीत."

"गार्डसाब, लाइन क्लिअर?"

"मेलेला माणूस बोलायलाय रे!" फिटर म्हणाला. बाबूही हसला.

केबिनवाल्यानं आपला फासा सतरंजीवर ठेवला, चपला घातल्या आणि गेला. पुन्हा आला नाही.

कॉलनीत चर्चा झाली तेव्हा फिटर सांगत फिरला, "मी नुसतं बोललो. मारलं गार्डसाबनं." टपरीवर ठरलेलं सगळं त्यानं एकट्या माझ्या गळ्यात घातलं. माझ्याशी दगा झाला, असं मला फार दिवस वाटत राहिलं. पण तो खोटं बोलत नव्हता. त्याचा धक्का मी हो म्हटल्यावरच लागला होता.

पुढे केबिनवाल्याची बदली झाली. तो सामान घेऊन फलाटावर उभा होता, तेव्हा मी जवळ गेलो. "त्या दिवशी विचारायचं राहूनच गेलं रे," मी म्हणालो.

"इचारलं असतं तर सांगितलं असतं. कमरेला दोर होता माझ्या. वरच्या कंगोऱ्याला बांधलेला. सोडला कुठं होता?"

"दोराचं माझ्या ध्यानातच आलं नाही."

त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं असावं. "ऱ्हातं एखाद्या वक्ताला," असं म्हणून त्यानं ट्रंक उचलली.

माझ्या ध्यानात होतं. "गेला खाली" म्हणताना मला तो दोर कंगोऱ्याला बांधलेला दिसत होता.