अकरावं कडवं

आमच्या केडगावच्या घरात भिंतीवर घड्याळ आहे, पण त्याला विचारतंय कोण? आई स्वयंपाक करते तो चर्चमधल्या गीतांवर. अंडी उकडायची तर नाताळचं गीत, चारही कडवी. भाताला पुनरुत्थानाचं, तेही दोनदा. भर एप्रिलात आमच्याकडून नाताळचं गीत ऐकू आलं की शेजारीण भिंतीपलीकडून ओरडते, "आज अंडी वाटतं!"

एकच गीत आई स्वयंपाकघरात कधी म्हणत नाही. ते आम्ही मातीला म्हणतो, कबरीपाशी उभं राहून, एकेकजण मूठभर माती टाकत असताना. चांगलं अकरा कडव्यांचं आहे.

गेली दोन वर्षं गुडघ्याने आईला नुसतं छळलं होतं. चर्चमध्ये गीताला सगळे उभे राहायचे आणि ही बाकावर बसून गायची, तोंड एवढंसं करून. ऑपरेशनला मात्र नाही म्हणजे नाहीच! मग मीही हट्टाला पेटले. भांडले, रडले, अबोला धरला. शेवटी म्हणाली, "बरं बाई, करू. पण मला काही झालं ना, तर वर जाऊन तुझ्या बाबांना तुझंच नाव सांगीन."

तेव्हा हसलो आम्ही. पण नगरच्या त्या दवाखान्यात थिएटरचं दार लागलं आणि मी बोटांवर मोजायला लागले. वय बहात्तर, त्यात बीपी, त्यात शुगर, आणि हट्ट सगळा माझा. कमरेत इंजेक्शन देऊन फक्त पाय बधिर करणार होते. आई जागीच राहणार होती.

बाहेर बाकावर मी, मावशी आणि कोल्हारहून आलेले एक आजोबा. आईनंतर त्यांच्या बायकोचा नंबर होता. अर्ध्या तासाने सिस्टर बाहेर आली, दार उघडं राहिलं आणि आतून आईचा आवाज आला. खणखणीत. मातीचं गीत!

मावशी ताडकन उठली, डोक्यावर पदर घेतला, मान खाली घातली. तिच्यापाठोपाठ मीही उभी. काय करणार, सवय! हे गीत आम्ही बसून ऐकतच नाही. आम्हाला पाहून आजोबा उठले, त्यांनी टोपी काढली. मग पलीकडचे दोघे उठले. शेवटी अख्खा व्हरांडा उभा, राष्ट्रगीत लागल्यासारखा.

"गेली गं माझी ताई!" मावशीने हंबरडा फोडला.

"अगं, मग गातंय कोण?" मी ओरडले.

मावशी क्षणभर थांबली. "हो की," म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

आजोबा माझ्याकडे वळले. "बाई, लई ग्वाड गाती तुमची आई. कसलं भजन हाय हे?"

"प्रवासाचं," मी कसंबसं म्हटलं.

"झ्याक हाय! आमची ही लई घाबरलीय. तिच्या टायमालाबी ह्येच म्हनायला सांगा की."

झालं! मला असं हसू फुटलं की ओढणी तोंडात कोंबावी लागली. हसता हसता डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्या काही हसण्याच्या नव्हत्या. आतला आवाज बंद पडला तर, एवढंच डोक्यात होतं.

आईला बाहेर आणलं तशी मी तुटूनच पडले. "तुला दुसरं गीत मिळालं नाही? जीव गेला असता आमचा!"

"डॉक्टर म्हणाले, तासभर लागेल. तासाला पुरेल असं दुसरं कुठलं आहे, सांग की! मातीला पाचशे माणसं असली तरी पुरतं ते. जरा घोळवून म्हटलं की झालं."

मग डोळे मिटून हळूच म्हणाली, "तुझ्या बाबांच्या मातीला दहाव्या कडव्यालाच माझा गळा दाटला होता बघ. अकरावं राहूनच गेलं होतं त्यांचं. आज म्हटलं. पुरं म्हटलं."

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. तीच पुढे म्हणाली, "आता भूक लागेल मला. संध्याकाळी दोन अंडी उकडून आण. आणि घाई करू नकोस, चारही कडवी म्हण."

घरी येऊन मी अंडी ठेवली, गीत सुरू केलं. तिसऱ्या कडव्यावर माझाच गळा दाटला तो मोकळा होईचना. अंडी पार दगड झाली. आईने दोन्ही मुकाट्याने खाल्ली.