विहिरीत पाणी नाही, धन्यवाद

चहा घेताय ना? मग एक घोट घ्या आणि कप खाली ठेवा. कारण पुढचं ऐकून तुम्ही मला हसणार, आणि चहा माझ्या शर्टावर येणार. एवढा शहाणा माणूस असा कसा फसला, असं मात्र विचारू नका. शहाणा होतो म्हणूनच फसलो.

निमगाव केतकीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्ती कमी आणि प्रवचन जास्त, असं आमचे वडील, म्हणजे तात्या, म्हणतात. गिऱ्हाईक काच बदलायला येतं आणि फोन कंपन्यांची सगळी लबाडी ऐकून जातं. डब्यातला चार्जर कुठं गेला? बॅटरी चिकटवून का टाकली? नको ती ॲप आधीच भरून का ठेवली, आणि ती काढता का येत नाहीत? एका म्हातारबाबांना तर मी एका ॲपच्या अटी आणि शर्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवल्या होत्या. ते बिचारे टॉर्च लागत नाही म्हणून आले होते.

पण या सगळ्यात माझं लाडकं मत एकच. आपला नंबर कुणाला द्यायचा नाही. नंबर दिला की माणूस विकला गेला, हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणतो. आता बघा त्या वाक्यानं माझं काय केलं ते.

माझा धाकटा भाऊ सोमनाथ, आमचा सोमा, तिशीला टेकलेला. ऊस आणि मका करतो. कष्टाळू, सुपारीचंही व्यसन नाही, दिसायला माझ्यापेक्षा बरा. पण शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं आज किती अवघड आहे, हे तुम्हाला सांगायला नको. माझं लग्न दुकानाच्या पाटीवर झालं. सोमाकडे पाटी नव्हती, फक्त रान होतं. त्यामुळे घरात सगळ्यांचं लक्ष त्याच्या लग्नाकडे लागलेलं.

बायोडाटा करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी तो झकास केला. फोटो, शिक्षण, 'बागायत शेती, स्वतःची विहीर, बारमाही पाणी'. आता खाली नंबर कुणाचा टाकायचा?

"माझा टाक की," तात्या म्हणाले.

"तात्या, हा कागद शंभर ग्रुपवर फिरणार. उद्या तुम्हाला कर्जवाले, विमावाले, प्लॉटवाले, सगळे फोन करणार."

"करू दे. मला तरी कोण फोन करतंय?"

पण मी ऐकणारा थोडाच. खास बायोडाट्यासाठी नवं सिमकार्ड घेतलं. नंबर एका चिठ्ठीवर लिहिला, बायोडाट्यात टाकला आणि चिठ्ठी फाडून टाकली. तो नंबर मी माझ्या फोनमध्येसुद्धा सेव्ह केला नाही. का? तर ॲप आपली नावांची यादी चोरून वाचतात. किती ती सावधगिरी!

त्याच आठवड्यात मी विहिरीच्या मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटरीच्या पेटीत एक यंत्र असतं, त्यात सिमकार्ड घालायचं. घरबसल्या त्या नंबरावर फोन केला की मोटर चालू, परत केला की बंद. आत एका बाईचा आवाज भरलेला असतो. ती गोड आवाजात सांगते, "नमस्कार. मोटर चालू झाली आहे. धन्यवाद." लाईट नसेल तर तसं सांगते, पाणी संपलं तर तेही सांगते, आणि मोटर आपोआप बंद करते.

या यंत्रासाठी मी दुसरं नवं सिम घेतलं. दोन्ही कार्डं एकाच कंपनीची, दुकानाच्या एकाच खणात. एक स्टार्टरमध्ये घातलं. दुसरं एका जुन्या फोनमध्ये घालून तो फोन आईकडे दिला. "आई, सोमाच्या स्थळांचे फोन यावर येणार. जवळच ठेव."

आईनं तो देव्हाऱ्यासमोर ठेवला. पहिल्या दिवशी त्याला हळदकुंकूही लावलं. चार्जिंगच्या भोकात कुंकू गेलं, ते मी सुईनं काढलं.

कुठलं कार्ड कुठं गेलं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. कारण स्टार्टर बसवताना त्या यंत्रावरून माझ्या फोनवर रिंग आली, आलेला नंबर मी 'मोटर' नावानं सेव्ह केला, घरच्यांनाही दिला, आणि काम फक्कड चाललं. आजकाल नंबर कोण बघतो? नाव बघतात सगळे.

आणखी एक गोष्ट कबूल करतो. कंपनी म्हणत होती की घरच्यांचे नंबर ॲपमध्ये नोंदवा, म्हणजे बाहेरच्या कुणाच्या फोननं मोटर चालू होणार नाही. मी म्हटलं, वा रे वा! आमच्या घरात माणसं किती, हे यांच्या सर्व्हरला कशाला पाहिजे? नाही नोंदवले. म्हणजे आमची मोटर आता गावजेवण झाली. येईल त्यानं चालू करावी.

आठ दिवसांत मोटर आपोआप चालू व्हायला लागली. घराशेजारच्या हौदात पाणी पडायचं, हौद भरून वाहायचा आणि पाणी थेट मक्यात.

"सोम्या, मोटर कुणी लावली रं?" तात्या ओरडायचे.

"मी न्हाय. आईनं लावली आसंल."

"मी कशाला लावू? मला तर त्या बाईशी बोलायचीच भीती वाटती," आई म्हणायची.

शेवटी विहीर तळाला गेली. भरायला दोन दिवस लागायचे, भरली की परत कुणीतरी उपसून ठेवायचं. मका पिवळा पडायला लागला.

इकडे देव्हाऱ्यासमोरचा फोन मात्र मुका. महिना होत आला, एक स्थळ नाही. सोमानं दाढी काढून नवा फोटो काढला होता, तो मी बायोडाट्यात बदलला. तरी काही नाही. एक दिवस जेवताना तो सहज म्हणाला, "दादा, ऱ्हाऊ दे आता. रानातला नवरा कुणाला पायजे?" आणि भाकरी अर्धी ठेवून उठला. मला खरंच वाईट वाटलं. या पोरासाठी आपण एवढं करूनही काही होत नाही, असं वाटलं. आपण केलं म्हणूनच होत नाही, हे कुठं ठाऊक होतं?

मोटरीचं कोडं मात्र मी माझ्या बुद्धीनं सोडवलं. कंपनीच आपल्या सर्व्हरवरून मोटर चालवत होती. मी तिच्या ॲपला एकच तारा देऊन खाली पानभर टीका लिहिली होती ना, त्याचा हा सूड. मी त्यांच्या मदत केंद्राला फोन लावला.

"सर, तुमच्या मोटरला वेगवेगळ्या नंबरवरून बरेच कॉल आलेत," तिकडची मुलगी म्हणाली. "तुमचे नातेवाईक असतील."

"नातेवाईक आमच्या मोटरला कशाला फोन करतील?"

"सर, मी यादी पाठवू का?"

"ती यादी तुम्हीच बनवणार ना? मग?"

"सर, घरातल्यांचे नंबर नोंदवलेत तर हे कॉल लगेच थांबतील."

"बरोबर. त्यासाठीच तर हे सगळं चाललंय. नंबर पाहिजेत तुम्हाला!"

 ती म्हणाली, "आणखी काही मदत करू शकते का, सर?" मला वाटलं, जिंकलो. मी गावातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला की कंपन्या आपल्या विहिरी दूरवरून उपसतायत, सावध राहा. चौघांनी माझ्या शब्दाखातर आपापल्या स्टार्टरमधली कार्डं काढली आणि पुन्हा चालत विहिरीवर जायला लागले.

अशात एका सकाळी मी दुकानाला निघायच्या तयारीत होतो. सोमा रानात, तात्या गोठ्यात. तेवढ्यात पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ दारात आले. हातात पिशवी, एसटीनं आलेले दिसत होते.

"राम राम. मी लोणी भापकरचा. मोटरीचा नंबर तुमचाच न्हवं?"

मी कान टवकारले. "आमच्या मोटरीचा नंबर तुम्हाला कसा माहीत?"

"म्हंजी काय? मी फोन केलाय की त्यावर. चार-पाच येळा."

सापडला! मी त्यांना आत घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि दाराच्या बाजूला मी बसलो. पळून जाऊ नये म्हणून.

"म्हणजे तुम्ही कबूल करताय?"

"त्यात लपवायचं काय? नंबर तुमीच छापलाय."

"मी? मी माझा नंबर स्वतःच्या फोनला सांगत नाही, तुम्हाला सांगेन? किती पैसे देते कंपनी तुम्हाला?"

"कंची कंपनी?"

मग मी सुरू झालो. यंत्र आपण विकत घ्यायचं आणि मालक कंपनी राहणार, हा कुठला न्याय? चार्जरपासून अटी-शर्तींपर्यंत सगळं झालं. पंधरा-वीस मिनिटं तरी बोललो असेन. माणूस मोठा शांत. मध्ये एकदा फक्त "पाणी मिळंल का प्यायला?" म्हणाले. आई तांब्या घेऊन आली, तिच्या मागं तात्याही हात पुसत आले.

"कोण पाव्हणं?" तात्यांनी विचारलं.

ते गृहस्थ पाणी प्यायले, मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि तात्यांच्या हातात दिला. वर आमच्या सोमाचा फोटो होता.

"माझ्या लेकीसाठी आलोय," ते म्हणाले. "आमच्याकडं समदे मला आबा म्हणत्यात. ह्या कागदावर बारमाही पाणी लिवलंय. अन् फोन केला की एक बाई म्हणती, विहिरीत पाणी न्हाय. एकदा तर म्हणली, लाईटच न्हाय. म्हणलं, समक्ष जाऊन बघावं खरं कोण बोलतंय."

"कुठली बाई?" आईनं घाबरून विचारलं. घरात ती आणि माझी बायको, दोघीच बाया.

आबांनी आपला फोन काढला, कागदावरचा नंबर दाबला आणि स्पीकर लावला. देव्हाऱ्यासमोरचा फोन गप्पच. आबांच्या फोनमधून मात्र ओळखीचा गोड आवाज आला.

"नमस्कार. मोटर चालू झाली आहे. धन्यवाद."

आणि बाहेर हौदात धो धो पाणी पडायला लागलं.

 तात्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा हौदाकडे आणि मग बराच वेळ माझ्याकडे. मी कुंकवाचे डाग पडलेल्या त्या जुन्या फोनकडे बघत होतो. महिनाभर जेवढ्या लेकींच्या बापांनी सोमाची चौकशी केली होती, त्या सगळ्यांनी आमची विहीर उपसली होती. आणि जे उशिरा आले त्यांना विहीर कोरडी असल्याचं आम्हीच कळवत होतो, तेही धन्यवाद देऊन.

"पण आबा," तात्यांनी चाचरत विचारलं, "बाकीचं कुणी आलं न्हाय. तुमी कसं काय आला?"

"आमची राणी म्हणली, आबा, ही बाई न्हाय, स्टार्टर हाय. चुलत्याकडं हाय तसलाच. नंबर चुकून छापला आसंल. परत लावा अन् बंद करा, न्हायतर कुणाचं तरी रान बुडंल. म्हणून मी दर बारीला दोनदा लावायचो. एकदा इचारायला, एकदा बंद करायला."

असं म्हणून त्यांनी परत फोन लावला. हौदातलं पाणी थांबलं. आईच्या डोळ्यांत मात्र आलं. ज्या पोरीनं न पाहिलेलं रान वाचवायला सांगितलं, ती पोरगी बघायच्या आधीच आईला पसंत पडली होती.

सोमाला रानातून बोलावलं. चिखलाच्या पायांनीच आला बिचारा. आबांनी त्याला काही विचारलं नाही, म्हणाले, "चला, विहीर दाखवा." दोघं गेले ते तासाभरानं हसत आले. पुढच्या रविवारी आम्ही लोणीला गेलो. राणी आणि सोमा दोघंच बोलत बसले, आणि परतताना सोमा गाडीत शीळ घालत होता. महिन्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवला त्या रात्री.

मी ग्रुपवर माफीचा मेसेज टाकला. मदत केंद्राच्या त्या मुलीलाही फोन केला. तिनं मला आवाजावरूनच ओळखलं, पण मागचं काही न काढता नंबर तेवढे नोंदवून घेतले.

आता लग्नाच्या बोलणीला बसायचं होतं. आबा आमच्याकडे आले होते. तात्या म्हणाले, "पुढचं काय आसंल ते थोरल्याशी बोला. त्याचा नंबर लिवून घ्या."

मी चटकन खिशातून पेन काढलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून कुणाला नंबर द्यायला निघालो होतो.

आबांनी हात जोडले. "तात्या, ऱ्हाग मानू नका. कागदावर नंबर चुकला हे लई बरं झालं. ती मोटरीतली बाई तीन वाक्यांत बोलून गप बसली, म्हणून आमी परत फोन केला. तिच्या जागी ह्यांनी उचलला असता, तर आमी परत लावलाच नसता."