सहा डिसेंबरचा ताप

"गैरहजर. वाक्यात उपयोग कर."

बाईंनी पहिल्याच तासाला मला उभं केलं. सहावीचा वर्ग, दादरची मराठी शाळा, तारीख सात डिसेंबर.

"काल मी शाळेत गैरहजर होते," मी म्हटलं.

"कारण घाल. वाक्य पूर्ण होऊ दे."

"काल मला ताप आल्यामुळे मी शाळेत गैरहजर होते."

बाई हसल्या. मग त्यांनी आणखी तिघांना उभं केलं. एक परळचा, दोघी नायगावच्या. तिघांनीही ताप सांगितला. आमच्या घरांतली ही पद्धतच होती. सहाला चैत्यभूमीवर जायचं आणि सातला ताप सांगायचा. कुणी पोटदुखी सांगितली असती तर काय बिघडलं असतं? पण नाही, सगळ्यांना तापच. एवढं साधं खोटंसुद्धा धड बोलता येत नव्हतं आम्हाला.

"बघा हं, यांच्यात सगळ्यांना एकदम ताप येतो. आणि तोही बरोबर सहा डिसेंबरलाच," बाई वर्गाला म्हणाल्या.

वर्ग खदाखदा हसला. बाई माझ्या बाकाजवळ आल्या. ताप बघायला म्हणून हात माझ्या कपाळाकडे नेला आणि मध्येच थांबवला.

"नको गं बाई. पार्कातली घाण अजून अंगावर असेल."

मग फळ्याकडे गेल्या आणि ठळक अक्षरात वाक्य लिहिलं. सहा डिसेंबरला दादरमध्ये स्वच्छता गैरहजर असते. "हा बरोबर उपयोग. उतरवून घ्या सगळ्यांनी."

मी उतरवून घेतलं. वळणदार अक्षरात, समासबिमास सोडून. आज आठवलं की बाईंपेक्षा मला माझ्या त्या अक्षराचाच जास्त संताप येतो.

आदल्या दिवशी मी कुठे होते? आमच्या लोअर परळच्या चाळीतल्या मंडळाने शिवाजी पार्कात पाण्याचा स्टॉल लावला होता, तिथे होते. गावाकडून आलेले मामा, मामी, मावशी आमच्या एका खोलीत दाटीवाटीने झोपले होते. आईने पहाटे उठून सगळ्यांचं जेवण केलं, पांढरी साडी नेसली आणि मला घेऊन निघाली. दिवसभर मी ग्लास भरत होते. रांग सरत नव्हती. उन्हात पाय भाजत होते, तरी कुणी ढकलाढकली करत नव्हतं. पाणी पिऊन झालं की माणसं मला, एवढ्याशा पोरीला, हात जोडून जय भीम करत होती. शाळेत मला कुणी कधी हात जोडले नव्हते.

त्यात एक म्हातारी होती, वऱ्हाडातली. दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाणारी. पाणी प्यायली आणि माझी हनुवटी धरून म्हणाली, "शाळा नाई का व आज तुले?"

"आहे. उद्या ताप आला होता म्हणून सांगणार."

"कायले?"

"बाई ओरडतात."

म्हातारीच्या तोंडावरचं हसू गेलं. "मी त मालकाले तोंडावर सांगून आली. चालली म्हनलं मुंबईले. ठेवाचं त ठेव कामावर, नाई त नको ठेवू."

एवढं बोलून ती रांगेत पुढे सरकली. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. मी पुढचा ग्लास भरला.

आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ताप सांगितला!

बाईंचं तेवढ्यावर भागलं नाही. "उद्या आईला घेऊन ये. खोटारड्या मुलींना मी स्पर्धेला पाठवत नसते," त्या म्हणाल्या. दुसऱ्या एका शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती आणि आमच्या शाळेकडून माझं नाव गेलं होतं. आमच्या चाळीतल्या पोरीचं नाव असं कधी कुठे गेलं नव्हतं. माझं भाषण ऐकून ऐकून शेजाऱ्यांनाही पाठ झालं होतं. आई परळच्या एका हॉस्पिटलात आया होती. पोरगी दादरच्या स्टेजवर बोलणार, हे तिने वॉर्डातल्या पेशंटांनाही सांगून टाकलं होतं.

आई आली. ड्युटीवरून तशीच, धावतपळत. स्टाफरूममध्ये बाई बसल्या होत्या, आई उभी राहिली. समोर खुर्ची रिकामी होती. बाईंनी बसा म्हटलं नाही.

"तुमची मुलगी हुशार आहे हो," बाई म्हणाल्या, "पण तुम्ही लोक त्या गर्दीत नेऊन तिचं नुकसान करता. मला फक्त एवढं सांगा, चूक झाली, पुढच्या वर्षी ती गैरहजर राहणार नाही. मग स्पर्धेचं बघू."

आईने हात जोडले. "बाई, खरंच ताप होता हो तिला. अंग चटचट भाजत होतं. आईची शप्पथ."

माझी आई. पेशंटच्या नातेवाइकांनी आवाज चढवला तर त्यांना वॉर्डाबाहेर काढणारी बाई. ती मान खाली घालून, मेलेल्या आजीची शपथ घेऊन, माझ्यासाठी खोटं बोलत होती. जोडलेले हात मी परवाही पाहिले होते, शेकडो. पण ते कुणी कुणाला घाबरून जोडले नव्हते. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"ताप नव्हता," मी म्हटलं.

आईने माझा दंड घट्ट धरला.

"ताप नव्हता, बाई. मी चैत्यभूमीला गेले होते. पाणी वाटत होते. पुढच्या वर्षी पण जाणार."

"मग स्पर्धेचं विसर," बाई म्हणाल्या आणि वह्या तपासायला लागल्या. झालं. दुसऱ्याच मुलीला पाठवलं. तिला पाठ करायला भाषण हवं होतं, म्हणून माझंच लिहिलेलं भाषण माझ्याकडून मागून नेलं. तेवढंही सोडलं नाही.

घरी जाताना आईने बसमध्येही माझा दंड सोडला नाही. मला वाटलं, दार लावलं की कानाखाली बसणार. दार लावलं. ती भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली टेकून बसली आणि म्हणाली, "मी पण कामावर तापच सांगितलाय गं. आता काय सांगू?"

मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आईने सिस्टरला खरं सांगितलं. महिनाभर तिला नाइट ड्युटी लागली. मी घाबरून विचारलं, माझ्यामुळे ना? "लागू दे," आई म्हणाली. पण सकाळी घरी यायची तेव्हा तिचे पाय सुजलेले असायचे आणि मी ते चेपताना बाईंना मनातल्या मनात शिव्या घालायचे. ती स्पर्धा मला परत कधी मिळाली नाही.

आता मी लोअर परळलाच एका टॉवरमध्ये नोकरी करते. ज्या गिरणीच्या जागेवर तो उभा आहे, तिथे माझे आजोबा कामाला होते. गेल्या वर्षी सहाची रजा मागितली तर साहेब म्हणाले, "अगं, त्या दिवशी दादरला ते लोक येतात ना, जाम वैताग असतो. बाहेर कशाला पडतेस? घरूनच कर काम. नाहीतर सिक लिव्ह टाक, कोण विचारतंय?"

सिक लिव्ह. म्हणजे पुन्हा तापच की!

"मी आजारी नाहीये, सर," मी म्हटलं. "ते लोक म्हणजे मीच. माझी आई, माझे मामा, मी. दर सहा डिसेंबरला मी रजा घेणार आणि कारण हेच सांगणार. ठेवायचं तर ठेवा कामावर, नाहीतर नका ठेवू."

साहेबांनी स्क्रीनकडे तोंड फिरवलं. रजा मिळाली. प्रमोशनच्या यादीत नाव होतं ते या वर्षी नाही. नसू दे.

बाई, तुमचं फळ्यावरचं वाक्य मी तेव्हा उतरवून घेतलं होतं. आता माझं उतरवून घ्या. सहा डिसेंबरला मी हजर असते, शिवाजी पार्कात, सकाळपासून रांग संपेपर्यंत. गैरहजर तुम्ही असता.