खो दिल्याशिवाय बोलायचं नाही

स्टुडिओची किल्ली मालकाच्या हातात ठेवली आणि जिना उतरता उतरता मला रडू फुटलं. खाली नवरा स्कूटर घेऊन उभा. म्हणाला, "अगं, धंदा गुंडाळलास की माहेर सोडून निघालीस?" मी म्हटलं, "तू गप गाडी चालव." बिचाऱ्याने स्कूटरला किक मारली.

धंदा म्हणजे खो-खोवरचा पॉडकास्ट. हसा खुशाल. माझ्या सासूबाई अजून हसतात. क्रिकेटवर सगळी दुनिया बोलते, कबड्डीलाही आता बरे दिवस आलेत, पण खो-खोवर तासभर बोलणाऱ्या बायका नाशकात दोनच होत्या. एक मी, शाळेतली खेळाची बाई. दुसरी माझी मैत्रीण, सुरगाण्याकडची.

जिल्ह्याच्या संघात आम्ही शेजारी बसायचो. खो-खोत शेजारणीची तोंडं उलट्या दिशांना. हिचं पूर्वेला तर माझं पश्चिमेला. त्यामुळे सामन्यात मी तिचा चेहरा फारसा बघितलाच नाही. मागून पाठीवर तिचा पंजा पडायचा, "खो!" ऐकू यायचं, की उठून पळत सुटायचं. हात लागायच्या आधी ओरडलं तर फाऊल. आणि पंजा तरी कसला! घरी गेल्यावर आई विचारायची, "शाळेत मारलं का गं कुणी?"

लग्नानंतर ती एकलहऱ्याला आली. तिचे यजमान वीज केंद्रात कामाला, राहायला क्वार्टर. एका रविवारी आम्ही तिथे मोबाइलवर मॅटवरचा सामना बघत होतो आणि ही खेळाडूंना अशी काही झापत होती, की मी म्हटलं, थांब, हे रेकॉर्डच करू. खिडकीवर गोधडी टांगली, पंखा बंद केला, मध्ये फोन ठेवला. आणि बाईसाहेबांची दातखीळ बसली.

"तुझं तोंड बघून मला बोलायलाच येत नाय," ती म्हणाली. "लय हसू येतंय."

मग आम्ही जमिनीवर बसलो. पाठीला पाठ लावून. एकीचं बोलून झालं, की तिने हात मागे न्यायचा, दुसरीच्या पाठीवर थाप द्यायची आणि "खो!" म्हणायचं. थाप पडल्याशिवाय दुसरीने तोंड उघडायचं नाही. नियम म्हणजे नियम. सुरगाण्याच्या एका आश्रमशाळेतल्या सरांनी कळवलं होतं, की पोरी झाडाखाली स्पीकर लावून आमचा पॉडकास्ट ऐकतात आणि आमची थाप पडली की एकमेकींच्या पाठीत हाणतात. "तेवढं जरा सांभाळा ताई," म्हणे. आम्ही दोघी हसून हसून आडव्या झालो होतो. आजही ते आठवलं की मला हसू येतं.

मग गुडघ्याचे पट्टे बनवणारे एक गृहस्थ आले, जाहिरात देतो म्हणाले. त्यांच्यामागून बूटवाले. जाहिरात आली की शिस्त आली. दर गुरुवारी भाग गेलाच पाहिजे. स्टुडिओ, कॅमेरे, गोल फिरणाऱ्या खुर्च्या, समोरासमोर. आवाजाचं बघणारा गडी म्हणाला, "मॅडम, तो धप्प आवाज तेवढा नको. ऐकायला घाण वाटतं." थाप बंद झाली. ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची आणि मला खुणेने विचारायची, बोलू का? सगळं मैदान दणाणून सोडणारी बाई, बोलू का विचारायची!

पुढे तिच्या यजमानांची बदली झाली. पार विदर्भात. टेम्पोत सामान चढलं, ती पुढच्या सीटवर बसली आणि खिडकीतून म्हणाली, "तू चालव. बंद नको करू." मी चालवला. खोटं कशाला बोलू, छान चालला. पाहुणे यायचे, श्रोते वाढत होते. फक्त मीच त्यात नव्हते. बोलता बोलता मध्येच थांबायचे, थाप पडेल म्हणून पाठ आपोआप ताठ व्हायची. आवाजवाला त्या जागा कापून टाकायचा. जाहिरातवाल्यांची एक मुलगी फोन करायची, "मॅम, या वेळी एनर्जी थोडी कमी वाटली." अगं बाई, एनर्जी बदलीवर गेलीय!

शेवटी मीच सगळ्यांना कळवलं, की यापुढे हौस म्हणून करणार. ती मुलगी विचारते, "हौस म्हणजे नेमकं काय, मॅम?" म्हटलं, "मनात आलं तर." शाळा आणि स्टुडिओ झेपत नाही, असं मी चारचौघांत सांगितलं. पण ते काही खरं नव्हतं. धंदा गेला तर ती परत बोलेल, एवढ्याच आशेवर मी तो मोडला होता. मला ती हवी होती.

म्हणून किल्ली दिली त्याच दिवशी घरी आल्या आल्या तिला फोन लावला. "आता कॅमेरा नाही, गुरुवार नाही, काही नाही. तू तिकडून, मी इकडून. बोलशील?"

ती म्हणाली, "अन् खो कसा देणार? एवढा लांब हात पुरत नाय गं माझा."

"नुसतं बोलू ना."

"नको बाई. नुसतं बोलायला मला जमत नाय. तू कर एकटी."

तेलही गेलं, तूपही गेलं. खिडकीवर गोधडी टांगून मी एकटीनेच एक भाग केला. शोकसभेतलं भाषण बरं, इतका रटाळ झाला. तरी पाठवला तिला. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन चहा टाकत होते, तेवढ्यात तिचा फोन.

"काय हे रडगाणं! ऐकवत नाय." आणि लगेच, "भिंत हाय ना घरात? पाठ टेकून बस. मी पण बसते. कानात ते इयरफोन घाल."

मी गॅस बंद केला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तशीच जाऊन भिंतीला टेकून बसले. सुरुवातीलाच दोघी एकदम बोललो. "फाऊल!" ती ओरडली. मग मी शाळेतल्या पोरींच्या सामन्याबद्दल बोलले, हात मागे नेऊन भिंतीवर थाप मारली, "खो!" आणि ती सुटली. तिकडची मैदानं, तिकडच्या पोरी, पंचांची अक्कल, काही सोडलं नाही. तोच आवाज, तोच तोंडाचा पट्टा. मी डोळे मिटून ऐकत होते.

मग तिकडून थाप आली. धप्प! आणि "खो!"

रेकॉर्डिंगमधला तो तुकडा मी कापलेला नाही. त्यानंतर कितीतरी वेळ काहीच ऐकू येत नाही. कुणालाही वाटेल, फोन तुटला. माझी पाठ ताठ झाली होती. मग तिचाच आवाज येतो.

"अगं ए, बसलीस काय अशी? ऊठ की! खो दिलाय मी."