रविवारची शेगडी

आमच्याकडे रविवारी जेवायला माणसं येतात. म्हणजे नवऱ्याची. मटण, तांबडा, पांढरा आणि तव्यावरून थेट ताटात भाकरी. थापणारी मी एकटी. सगळे हात धुऊन उठेपर्यंत माझा रस्सा गार, वर चरबीचा थर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घरात स्वतःच्या हातचा पांढरा रस्सा मी कधी गरम प्यायले नाही. शेवटी हट्टच धरला. ही दोन बर्नरची शेगडी काढा, मोठी आणा!

राजारामपुरीतल्या दुकानात जाताना मटणाचं पातेलं आणि भाकरीचा तवा सोबत घेतला. स्कूटरवर पातेलं माझ्या मांडीत. नवरा लाजेनं अर्धा झाला.

"वैनी, मटण पन आणलंय का?" दुकानदारानं विचारलं.

नवऱ्याचा जीव चार बर्नरच्या काचेच्या शेगडीवर जडला. मी तिच्यावर पातेलं ठेवलं. शेजारी तवा बसेना, मागचे दोन बर्नर तर अगदीच बारके.

"आता उरलेल्या दोनांवर काय, तुमचं डोकं ठेवू?" मी नवऱ्याला विचारलं.

"घरात माणसं किती?" दुकानदार.

"चार," नवरा.

"रविवारी बारा," मी.

"मग शेगडी रोजची घ्यायची का रविवारची?"

"रविवारची!" मी एवढ्यानं ओरडले की मिक्सर बघणारी माणसं वळली.

तीन बर्नरची, ऐसपैस घेतली. मटणाला सगळ्यात मोठा बर्नर. तव्याला पसरट ज्योतीचा, नाहीतर भाकरी मधे करपते आणि कडा कच्च्या राहतात. तिसरा एकदम बारका, कारण जाळ जास्त झाला की पांढरा रस्सा फाटतो.

रविवारी भाकऱ्या दुप्पट वेगानं निघाल्या. आणि मेल्यांनी खाल्ल्याही दुप्पट वेगानं! "वैनी, शेगडी झक्कास हाय! आनी एक टाका की!" मी आपली ओट्याशीच.

माझं टाळकंच सटकलं. तव्याखालचा गॅस बंद केला, हात धुतले, ताट वाढून घेतलं आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसले.

"भाकरी?" नवरा.

"पीठ परातीत हाय. उठा."

बारा माणसं बघत होती. उठला बिचारा. त्यानं जे काही थापलं, ते सगळ्यांनी मान खाली घालून खाल्लं. एकानंही दुसरी मागितली नाही.

मी पांढऱ्याची वाटी तोंडाला लावली. जीभ चांगलीच पोळली. इतका आनंद झाला की लगेच दुसरी वाटी भरून घेतली.