सिल्वोने बुजवलेली रेघ

सिल्वो क्रवान्या आमच्या खोऱ्यात तीस वर्षं पोस्टमन होता. निवृत्त झाल्यावर त्याने कॅमेरा घेतला आणि आमच्या अग्निशमन दलाच्या कॅलेंडरला दरवर्षी ऑक्टोबरात काढलेला गावाचा फोटो आयता मिळू लागला. डिसेंबरात आम्ही ते कॅलेंडर घरोघर देतो, आणि प्रत्येक घरी घोटभर घेतल्याशिवाय कुणी सोडत नाही.

फोटो तो संगणकावर नीट करायचा, पण सबंध चित्राला एकदम हात लावणं त्याला पाप वाटे. "नदी काळवंडली तर नदीपुरतंच उजळायचं," तो सांगे. "आकाश फटफटीत असलं तर तेवढंच जरा दाबायचं. हात फिरलाय हे कळलं, की मेहनत वाया." आम्ही त्याची टर उडवायचो, पण त्याचे फोटो अगदी खरे वाटायचे.

यंदा नोव्हेंबरात तीन दिवस पाऊस कोसळला. चौथ्या दिवशी दुपारी जरा उघडीप मिळाली आणि सिल्वो लॅपटॉप घेऊन माझ्या दारात उभा. दलाचा प्रमुख मी.

"नव्या कॅलेंडरचा फोटो करत होतो," तो म्हणाला. "वरच्या वाडीमागच्या उतारावर सावली फार होती. तेवढीच उजळली. हे बघ."

गवतातून एक राखाडी रेघ आडवी गेली होती.

"भेग?"

"गेल्या वर्षीच्या मूळ फोटोतही आहे. याच्या निम्मी. त्याच्या आदल्या वर्षी अगदी नखाएवढी."

"मग कॅलेंडरात कशी नाही दिसली?"

"फोटोत मधोमध चर्च आहे, पण नजर त्याच्यावरून तिकडे जात होती. म्हणून मीच तेवढा भाग काळा केला. दोन्ही वर्षी."

त्या रेघेखाली चार घरं आहेत आणि संध्याकाळी पुन्हा पाऊस सांगितला होता. त्याला दोन शिव्या हासडाव्यात असं फार वाटलं, पण वेळ नव्हता.

सिल्वोला घेऊन मी तडक वर गेलो. तीन घरं माझ्या शब्दावर निघाली. चौथ्या घरातली तोंचका मावशी, वय ब्याऐंशी, हलायला तयार नाही. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आमच्या नाकासमोर धरलं.

"हा उतार. दाखव कुठंय भेग. तूच काढलायस ना रे हा?"

"मावशी, मी ती बुजवली," सिल्वो म्हणाला. "चांगली दिसत नव्हती म्हणून."

मावशीने कॅलेंडर खिडकीशी नेऊन डोळ्यांजवळ धरलं. बाहेर पावसाचे थेंब वाजू लागले.

"आणि माझ्या घरावरचं हे ऊन?" तिने विचारलं. "ऑक्टोबरात माझ्याकडे ऊन येत नाही. मला वाटायचं, मी गोठ्यात असताना येऊन जात असेल."

"तेही मीच घातलं."

तिने कॅलेंडर टेबलावर पालथं ठेवलं आणि कोट मागितला.

अंगणात पोचलो तेव्हा वरून दगड सुटल्याचा आवाज आला. एक, मग लागोपाठ चार-पाच. गाडीत चढवायला सिल्वोने हात पुढे केला. मावशीने तो बाजूला सारला आणि माझा धरला.