सोळा रंगांतला सिंहगड

लॅपटॉपच्या पडद्यावर पिवळी झाक चालू आहे हे न कळता मी चार संध्याकाळी बसून सिंहगड रंगवला.

पिक्सेल आर्ट म्हणजे बारीक चौकोन एकेक करून भरायचे. भरतकाम करणाऱ्याला लगेच कळेल. हडपसरच्या एका छोट्या गेम कंपनीने नमुन्याचं एक चित्र मागितलं होतं: मावळतीचा डोंगर, रंग फक्त सोळा. पसंत पडलं तर गेममधले सगळे देखावे माझे. पन्नाशीत ड्राफ्ट्समनची नोकरी सोडून मी या नादाला लागलो होतो आणि सहा महिन्यांत आलेलं हे पहिलंच बोलावणं. त्यामुळे त्या डोंगराकडे माझ्याइतकंच बायकोचंही लक्ष होतं.

धायरीतल्या आमच्या गच्चीवरून गड दिसतो. उन्हं उतरताना वर जाऊन पाहायचं, अंधारलं की खाली येऊन चौकोन भरायचे. ऊन उजवीकडून येतं, म्हणून उजव्या उतारांवर केशरी आणि डाव्या घळींत जांभळा; काळा कुठेच नाही. जवळच्या गवताला पोत यावा म्हणून दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून. लांबच्या कड्याला सपाट रंग, कारण तिथलं गवत डोळ्याला वेगळं दिसतच नाही. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. फक्त चित्र दरवेळी जरा जास्तच पिवळं वाटायचं, म्हणून मी निळा वाढवत गेलो.

हडपसरला सकाळी अकरा वाजता तिथल्या चित्रविभागाच्या प्रमुख बाईंनी चित्र मोठ्या पडद्यावर लावलं. वयाने माझ्या मुलीएवढ्या. गड चांगलाच निळा पडला होता.

"काका, संध्याकाळ आहे ना ही?"

"हो."

"गडाला थंडी वाजतेय. आणि खाली हे गवत आहे की गोवर?"

तुमच्या पडद्यातच काहीतरी बिघाड आहे, असं मी ठणकावून सांगितलं आणि पुरावा म्हणून माझा लॅपटॉप उघडला. त्यातही गड तसाच निळा.

"परवापर्यंत सुधारून आणा," त्या म्हणाल्या. "मग ठरवू."

घरी येऊन चित्राकडे बघत बसलो. सात वाजले आणि गड आपोआप सोनेरी झाला. मी बायकोला हाक मारली.

"अहो, तुमचे डोळे चुरचुरतात म्हणून मीच लावलंय ते," ती म्हणाली. "सात वाजले की पडदा पिवळा होतो. सांगितलं होतं मी."

सांगितलं असणार. मी तेव्हा जांभळ्यात असेन.

दुसऱ्या दिवशी ती झाक बंद केली, भर दुपारी बसून सोळाच्या सोळा रंगांतला जादा निळा काढला, गवताचे ठिपके विरळ केले. तिसऱ्या दिवशी पुन्हा हडपसर. बाईंनी बराच वेळ पाहिलं, आणि झालं काय होतं तेही विचारलं. मी खरं ते सांगून टाकलं.

"काम तुमचं," त्या म्हणाल्या. "पण काका, यापुढे चित्र काकूंनी पाहिल्याशिवाय पाठवू नका."